मखमलीवरचं आगाऊ पान

धाकटीला एखादी गोष्ट कळली की ती सगळ्या घराला कळायची. आज सकाळी तिला इम्पोर्ट कळलं होतं, आणि तेव्हापासून थोरलीच्या हातातला चहा कपात कमी आणि बशीत जास्त होता.

"ताई, पान एकदाच लिहायचं! एकदाच!" धाकटी कामाच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. "वेगळ्या फाइलमध्ये ठेवून द्यायचं. मग काठ काढायचा असो, कोपरा काढायचा असो, नुसतं वर म्हणायचं, त्या फाइलमधून पान आण. की आलं पान!"

"तू आधी बस बघू खाली," थोरली म्हणाली. "तू फिरतेस आणि घेरी मला येते."

बसेल ती धाकटी कसली. गेले कित्येक आठवडे ती घरकाम आटोपून कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंगचे धडे बघत होती, आणि थोरली शेजारी बसून कापड बेतता बेतता एका कानानं ऐकत होती. दोघी जावा. थोरलीच्या यजमानांनी एकदा मोठ्या जाणकाराचा आव आणून विचारलं होतं, "कुठली लँग्वेज शिकताय? जावा का?" त्यावर थोरलीनं कात्रीवरची नजर न हलवता सांगितलं होतं, "जावा आम्ही आधीपासून आहोतच. आता पायथन शिकतोय." तेव्हापासून ते या खोलीत फारसे फिरकत नसत.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीला कापडाचे तागे, खिडकीखाली थोरलीचं शिलाई मशीन, आणि मधोमध, सगळी जागा अडवून, भरतकामाचं यंत्र. त्याची केबल कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटरवर लिहिलेल्या हुकुमाप्रमाणे सुई वरखाली व्हायची आणि कापड ताणून धरणारी फ्रेम मागंपुढं सरकायची. यंत्र आणायचा हट्ट धाकटीचा होता. त्यामुळे त्यानं चांगलं काम केलं की श्रेय यंत्राचं आणि बिघडलं की बोलणी धाकटीला, अशी घरात सरळ वाटणी झालेली होती.

आणि आज ते बिघडून चालणारच नव्हतं.

गावातल्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा सासूबाईंनी भरला होता. तरुणपणी, हातानं, एकटीनं. गडद लाल मखमल आणि तिच्या वरच्या काठानं गेलेली सोनेरी पानांची वेल. नाटक सुरू व्हायच्या आधी लोक त्या वेलीकडे बघत बसायचे. आता तो पडदा विरला होता, घडीवर फाटत होता. नाट्यगृहाचे मॅनेजर स्वतः घरी आले होते. नवीन पडदा करायचाय म्हणाले. एका कारखान्यानं छापील कापड देऊ केलंय, पण बाई, तुमच्या वेलीची सर त्याला नाही. जुन्या पडद्यासारखी वेल नवीन मखमलीवर एका तुकड्यापुरती काढून दाखवा, पटली तर काम तुमचं. नव्या मखमलीचा तुकडा आणि नमुन्याला जुन्या पडद्याचा एक फाटका तुकडा ठेवून ते गेले आणि आज दुपारी चहाच्या वेळेला यायचे होते.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्यांना नाही म्हणून मीच सांगणार आहे."

कारण त्यांचा उजवा हात आता थरथरायचा. सुईत दोरा ओवायला घेतला की सुई एकीकडे आणि दोरा भलतीकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सुयांचा डबा बंद केला, तो कपाटात सगळ्यात वर ठेवला, आणि हात स्वेटरच्या खिशात घातला. तिथून तो कुणाच्या देखत सहसा बाहेर यायचा नाही. चहासुद्धा त्या डाव्या हातानं प्यायच्या. यंत्राबद्दल त्यांचं मत स्वच्छ होतं. "तुमच्या यंत्राची पानं सगळी सारखी. एक काढलं काय अन् शंभर काढली काय. त्या वेलीला वारा लागत नाही."

धाकटीला हे वाक्य झोंबलं होतं, आणि झोंबण्याचं खरं कारण असं की ते बरोबर होतं. पण तिला मनापासून वाटायचं, सासूबाईंनी नाही म्हणू नये. एकदा नाही म्हटलं की तो डबा पुन्हा खाली येणार नाही, आणि तो हातही. मॅनेजर यायच्या आत त्यांना पटेल अशी वेल मखमलीवर उमटली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

अडचण अशी की तिचं लिखाण म्हणजे नुसता गुंता होता. जुन्या पडद्याच्या तुकड्यावरून थोरलीनं पान गिरवून दिलं, धाकटीनं ते प्रोग्राममध्ये उतरवलं, आणि मग तेच पान काठाच्या फाइलमध्ये चिकटवलं, कोपऱ्याच्या फाइलमध्ये चिकटवलं, देठाच्या फाइलमध्येही चिकटवलं. थोरली बघून म्हणायची, "शेंडा जरा डावीकडे वळव गं, आईंचा वळतो." की धाकटी सगळीकडे जाऊन शेंडा वळवायची. एक जागा हमखास राहून जायची. काल चिंधीवर काढलेल्या वेलीत सगळी पानं डावीकडे मान वळवून बसली होती आणि कोपऱ्यातलं एक उजवीकडे, रुसल्यासारखं.

आणि आज सकाळच्या धड्यात हे इम्पोर्ट!

"म्हणजे असं बघ," थोरली विचार करत म्हणाली, "घरात प्रत्येक खोलीत कात्री ठेवायची नाही. एकच चांगली कात्री ठेवायची, धार लावलेली, आणि ज्याला लागेल त्यानं मागून न्यायची."

"तेच! आणि धार लावायची तीही एकदाच!"

"फक्त आपल्या घरात नेलेली कात्री परत येत नाही."

"इथे परत आणायचीच नाही ताई. कुणी कितीही नेली तरी ती जागेवरच असते!" धाकटीचे डोळे असे चमकत होते की थोरलीला कप खाली ठेवावाच लागला. "आणि आपलीच कात्री असं नाही. यंत्राची सुई कशी हलवायची हे मी कुठे लिहिलंय? ते यंत्रवाल्यांच्या कुणीतरी लिहून ठेवलंय. मी नुसतं इम्पोर्ट म्हणते, आणि त्या न पाहिलेल्या माणसाची सगळी अक्कल माझ्या फाइलमध्ये येऊन बसते. मला तर वाटतं, भेटलं ते माणूस तर त्याला मिठी मारावी."

"आधी पान काढ. मिठ्या नंतर."

मग मात्र दोघींनी कंबर कसली. धाकटीनं पान सगळ्या फाइलींतून उपटून काढलं आणि एका नव्या फाइलमध्ये लावलं. फाइलला नाव काय द्यायचं यावर दोघी क्षणभर अडल्या, मग थोरलीच म्हणाली, "पान कुणाचं? आईंचं. मग फाइल 'आई'." त्यामुळे आता काठाच्या फाइलमध्ये पहिलीच ओळ अशी आली, की आईमधून पान आण. कोपऱ्याच्या फाइलमध्येही तीच. धाकटीनं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि तिला उगाचच भरून आलं.

पान नीट आलंय का बघायला तिनं 'आई' फाइल एकटीच चालवून पाहिली, जुन्या चिंधीवर. यंत्र खडखडलं, सोनेरी दोरा धावला, आणि चिंधीवर एक पान उमटलं. शेंडा डावीकडे, मधली शीर किंचित लांब, अगदी सासूबाईंचं. थोरलीनं त्यावरून बोट फिरवलं आणि नुसती मान डोलावली. थोरलीनं मान डोलावणं म्हणजे दुसऱ्या कुणी टाळ्या वाजवण्यासारखं होतं.

"चढव मखमल," ती म्हणाली.

मखमलीचं एक वाईट असतं. साध्या कापडावर चुकलं तर टाके उसवता येतात. मखमलीवर सुई एकदा टोचली की तिथली लव दबते, छिद्र दिसत राहतं, आणि उसवलेली जागा जन्मभर चुगली करते. म्हणून थोरलीनं तो लाल तुकडा फ्रेममध्ये लहान मुलाला झोपवावं तसा हलक्या हातानं बसवला. वेल वरच्या काठाला यायची होती. सुई अजून मध्यावर उभी होती, प्रोग्राम सुरू झाला की तीच सरकत वर जाणार होती.

धाकटीनं काठाची फाइल सुरू केली.

यंत्र खडखडलं. सुई वर गेलीच नाही. होती तिथेच, मखमलीच्या बरोबर मध्यावर, कोऱ्या लाल जागेत, तिनं ऐटीत एक पान काढलं.

"थांबव! अगं थांबव!" थोरली ओरडली.

धाकटीनं थांबवेपर्यंत पान पुरं झालं होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. सुंदर पान होतं, आणि भलत्याच जागी होतं. लग्नाच्या फोटोत मधोमध अनोळखी माणूस येऊन उभा राहावा तसं ते दिसत होतं.

"वेलीची ओळ तर अजून आलीच नव्हती," धाकटी पुटपुटली. "नुसतं पान आण म्हटलं होतं. शिव कुठे म्हटलं?"

तिनं घाईघाईनं काठाची फाइल वाचून काढली. त्यात काही चूक नव्हती. मग तिनं तोच चालू प्रोग्राम बंद न करता, फक्त ती एक ओळ पुन्हा टाइप केली, आईमधून पान आण. यंत्र गप्प. पुन्हा टाइप केली. पुन्हा गप्प. जणू त्या गावचंच नव्हे.

"बघ! काही झालं नाही." धाकटीचा जीव भांड्यात पडला. "माझं बरोबर आहे. यंत्रच चळलं असणार. सगळं बंद करून पुन्हा सुरू करते."

"पण या पानाचं काय?"

"तुकडा जरा बाजूला सरकवू. दाखवताना ते खालच्या बाजूला जाईल, घडी घालून ठेवू."

थोरलीला हे मुळीच पसंत नव्हतं, पण घड्याळाकडे बघितलं आणि तिनं मखमल सरकवून पुन्हा बसवली. घाईत ती फ्रेममध्ये थोडी तिरकी बसली. धाकटीनं सगळं बंद केलं, नव्यानं उघडलं, आणि काठाची फाइल चालवली.

खडखड. दुसरं पान. पहिल्यापासून थोडं खाली, थोडं बाजूला, आणि तिरकं. धाकटीनं पुन्हा थांबवलं.

आता मात्र धाकटीची पाचावर धारण बसली. कोऱ्या मखमलीवर दोन आगाऊ पानं, मॅनेजर चहाला येणार, आणि आतल्या खोलीत सासूबाई नाही कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत बसलेल्या. तिनं दोन्ही हातांत डोकं धरलं. थोरली दबलेली लव नखानं उभी करून बघत होती. ती रागावली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं.

मग एकाएकी धाकटी ताठ बसली.

"पहिल्यांदा शिवलं. चालू असताना पुन्हा म्हटलं तर शिवलं नाही. बंद करून उघडलं तर परत शिवलं." ती स्वतःशीच बोलत होती. "म्हणजे पहिल्यांदा बोलावलं की... ताई!"

तिनं 'आई' फाइल उघडली आणि सरळ खाली गेली. तळाशी, सगळं पान लिहून झाल्यावर, एकटीच एक ओळ होती. यंत्रा, एक पान शिव. चिंधीवर बघण्यापुरती तिनं स्वतःच लिहिलेली, आणि स्वतःच विसरलेली.

"इम्पोर्ट म्हटलं की ते नुसतं पान उचलून आणत नाही गं!" धाकटी इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे पडली. "आधी ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचतं, आणि वाचता वाचता जे जे करायला सांगितलंय ते ते सगळं करतं! एकदा वाचली की लक्षात ठेवतं, म्हणून दुसऱ्यांदा काही केलं नाही. सगळं बंद केलं की विसरतं, म्हणून नव्यानं वाचली आणि नव्यानं शिवलं! यंत्र चळलेलं नाहीच. यंत्र माझं ऐकतंय!"

चूक सापडल्याचा आनंद इतका मोठा होता की क्षणभर चूक कुठे झालीये याचाच तिला विसर पडला. ती हसत होती.

"म्हणजे पाहुणीला बोलावलं," थोरली म्हणाली, "तर ती दारातून थेट ओट्याशी गेली आणि भाजी फोडणीला टाकली."

"हो! पण यावर उपाय आहे, कालच्याच धड्यात होता, मला तेव्हा कळला नव्हता. त्या ओळीच्या वर एक अट घालायची. ही फाइल स्वतः मालकीण म्हणून चालत असेल तरच शिव. दुसऱ्या कुणी बोलावली असेल तर गप्प बस."

"मलाही असंच सांगितलं होतं," दारातून आवाज आला. "सून म्हणून आले तेव्हा. दुसऱ्याच्या घरात गेलीस की गप्प बसायचं. मी काही ते ऐकलं नाही."

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून आल्या असणार. यंत्र घरात आल्यापासून त्या या खोलीत पाऊल ठेवत नसत, पण आता त्यांची नजर मखमलीवर खिळली होती आणि त्या हळूहळू पुढे येत होत्या. थोरली फ्रेमच्या पुढे उभी राहायला गेली. उशीर झाला होता.

"हे काय केलंत मखमलीचं?"

धाकटीनं खाल मानेनं सगळं सांगितलं. फाइल, विसरलेली ओळ, आगाऊ पान, आणि पुन्हा आगाऊ पान. सासूबाईंनी त्यातलं अर्धं ऐकलं की नाही कोण जाणे. त्या वाकून पहिल्या पानाकडे बघत होत्या. वेलीच्या गर्दीत ते दिसलं नसतं, पण इथे एकटं होतं, कोऱ्या लालवर, आणि लपायला जागा नव्हती. त्यांनी डावं बोट त्याच्या मधल्या शिरेवर ठेवलं.

"शीर लांब ठेवलीस."

"तुम्ही ठेवता म्हणून," थोरली म्हणाली.

"मी चुकून ठेवायचे. पहिल्या पानात चुकली, मग सगळ्यांत तशीच ठेवली, नाहीतर पहिलं ओळखू आलं असतं." त्या हसल्या. या खोलीत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. मग त्यांनी दुसऱ्या, तिरक्या पानाकडे बघितलं. "उसवायला जाऊ नका. मखमल खराब होईल. वेलीवरची पानं गळत नाहीत का? ही गळालेली आहेत. आणखी थोडी गळू द्या."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं.

"वरून खाली," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, आता त्या काम सांगत होत्या. "वर दाट, खाली विरळ. शेवटचं एकटंच, पार खाली."

थोरली दोरा बदलायला धावली. धाकटी कॉम्प्युटरशी बसली, तिची बोटं नाचायला लागली होती. गळणारी पानं म्हणजे प्रत्येक पान वेगळ्या कोनात हवं, आणि त्याची सोय भाषेच्या स्वतःच्याच भांडारात होती, आकडे नशिबावर सोडणारी एक फाइल. तिनं तीही इम्पोर्ट केली. वाटेल तसे कोन, वाटेल तशी जागा, कडांना वाटेल तसा थोडा फरक. चिंधी लावली आणि चालवून पाहिलं.

तिघी वाकून बघायला लागल्या.

"ही पानं प्यायलेली आहेत," थोरली म्हणाली.

होतीच. एक तोंडावर आपटलेलं, एकाची कड दातेरी झालेली, एक नुसतं लोळत होतं. सगळी वेगवेगळी होती खरी, पण एकालाही वारा लागलेला नव्हता.

"अशी नाही गळत," सासूबाईंना राहवेना. "पान पडताना सरळ पडत नाही, पण वेड्यासारखंही पडत नाही. झोका घेतं. असं येतं, मग असं." त्या डाव्या हातानं हवेत दाखवायला लागल्या, पण डाव्या हाताला ते जमेना. त्यांनी टेबलावरची डिजिटल पाटी बघितली, थोरली नक्षी गिरवायची ती, आणि तिच्यावरचं पेन. मग रागारागानं खिशातून उजवा हात काढला, पेन उचललं, आणि वरून खाली रेघ ओढली.

रेघ कॉम्प्युटरवर उमटली. झोका होता तिला, सुंदर होता. पण तिच्या सगळ्या अंगभर बारीक बारीक लाटा होत्या. हात थरथरला तशी ती थरथरली होती, शेवटपर्यंत.

सासूबाईंनी पेन खाली ठेवलं. हात पुन्हा खिशात गेला. "पुसून टाक," त्या म्हणाल्या. "आणि ते आले की मला बोलवा. मी सांगते त्यांना काय ते." त्या वळून जायला लागल्या. पुसण्यासाठी धाकटीनं हात पुढे केला आणि तिची नजर रेघेवर अडकली.

ती लाट उगाच नव्हती. नशिबावर सोडलेल्या आकड्यांसारखी वेडीवाकडी नव्हती. ती यायची, चढायची, थोडी विसावायची, पुन्हा यायची. जिवंत माणसाच्या हातातून आली होती ती.

"आई, थांबा! जाऊ नका!" धाकटी ओरडली. "ताई, त्यांना धरून ठेव!"

थोरलीनं खरंच सासूबाईंचा दंड धरला. त्या "अगं सोड" म्हणत राहिल्या आणि धाकटी टाइप करत राहिली. पाटीनं रेघेचा बिंदू न् बिंदू जपून ठेवलेला होता. त्यातून झोका वेगळा काढला आणि थरथर वेगळी काढली. नशिबाची फाइल तिनं हाकलून दिली, आणि गळणाऱ्या पानांच्या वाटेला झोका दिला. थरथर 'आई' फाइलमध्ये ठेवली, पानाच्या शेजारी. मग वरची ओळ बदलली, आईमधून पान आण, थरथर आण. प्रत्येक पान त्या रेघेच्या वेगळ्या जागेवरून थोडी थोडी लाट घेईल, कडेला, शेंड्याला, शिरेला. दोन पानं सारखी होणं शक्यच नव्हतं, आणि एकही परकं होणं शक्य नव्हतं. तळाच्या ओळीवर अट बसलीये ना हे तिनं पुन्हा पुन्हा तपासलं.

"चिंधी?" थोरलीनं विचारलं.

बाहेर फाटक वाजलं.

"चिंधीला वेळ नाही. मखमलच."

थोरलीनं मखमल पुन्हा फ्रेममध्ये बसवली, या वेळी सरळ, आणि धाकटीनं काठाची फाइल सुरू केली. सुई क्षणभर मध्यावर थांबली. पान शिवलं नाही. शहाण्या पाहुणीसारखी गुपचूप सरकत ती वरच्या काठाला गेली, आणि तिथे खडखड सुरू झाली.

मॅनेजर आत आले तेव्हा कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. ते स्वतःच टोपी हातात घेऊन यंत्राशी येऊन उभे राहिले. काठावरून वेल चालली होती, एकेक पान मागे टाकत, आणि प्रत्येक पान आधीच्याचं भावंड होतं पण जुळं नव्हतं. मग सुई खाली उतरली, वेलीखाली एक पान, त्याच्याखाली एक, झोका घेत, त्या दोन आगाऊ पानांना आपल्यात सामावून घेत. शेवटचं पान पार खाली पडलं आणि यंत्र थांबलं.

"लागला गं वारा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मॅनेजर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. "जुन्या पडद्याला ही खालची पानं नव्हती," ते म्हणाले. "ही मधली दोन तर... ही कुणाला सुचली?"

"इम्पोर्टला," थोरली गंभीरपणे म्हणाली. धाकटीला ठसकाच लागला.

मॅनेजरना ते काही कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि वेलीवर नाक टेकेल इतके जवळ गेले. "यंत्रावर केलंय हे मी आत्ता डोळ्यांनी बघितलं. पण हे यंत्राचं काम नाही वाटत. असा हात मी एकाच ठिकाणी पाहिलाय, आणि तो थांबला असं ऐकलं होतं." त्यांनी तिघींकडे आळीपाळीनं बघितलं. "खरं सांगा. हात कुणाचा आहे हा?"

धाकटी बोलणार होती. सगळं सांगायला तिची जीभ नुसती वळवळत होती, फाइल, रेघ, लाटा. थोरलीनं तिच्या पायावर पाय दिला.

सासूबाईंनी स्वेटरच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि मखमलीवर, त्या पहिल्या आगाऊ पानाशेजारी ठेवला. तो थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो मागे घेतला नाही.

"माझा," त्या म्हणाल्या. "पडदा आम्ही करतो. थोरले, तो वरचा डबा काढ गं खाली."